उणीव आणि उदीम

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी’ ही म्हण महाराष्ट्रांतील प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते; आणि सुशिक्षित कुटुंबें नेमका तिच्या उलट क्रम आचरणांत आणतात, हेंही तितकेंच प्रसिद्ध आहे. व्यापार म्हटला कीं मोठें भांडवल, वडिलोपार्जित पेढी आणि अंगचें चातुर्य ह्या तीन गोष्टी हव्यातच, अशी पांढरपेशा वर्गाची समजूत आहे. परंतु मुंबईसारख्या नगरींत ज्या लहान धंद्यांनीं हजारों कुटुंबांचा चरितार्थ चालविला, त्यांच्या मुळाशीं भांडवल नव्हे, तर शेजाऱ्याची एखादी अडचण आढळते. ती कोणीतरी ओळखली आणि दूर करून तिचें मोल घेतलें, इतकेंच.

पहिलें उदाहरण डबेवाल्यांचें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईंतील कचेऱ्या कोटांत होत्या आणि राहतीं घरें उत्तरेकडे सरकत होतीं. कारकून घर सोडी तेव्हां स्वयंपाक तयार नसे, दुपारीं घरीं परतणें शक्य नसे, आणि बाहेरचें अन्न पुष्कळांना चालत नसे. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनीं ही उणीव हेरली आणि मावळ, जुन्नर, खेड ह्या भागांतील गडी हाताशीं धरून घरचा डबा कचेरींत पोंचविण्यास आरंभ केला. भांडवल काय, तर चालते पाय आणि डोक्यावरची पाटी. वाटेंत डबा अनेक हातांतून जातो. म्हणून झाकणावर स्टेशन, इमारत व मजला ह्यांच्या रंगीत खुणा असतात, आणि फारसें न शिकलेल्या माणसालाही त्या बिनचूक वाचतां येतात. २०२० पूर्वीं सुमारें पांच हजार माणसें रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोंचवीत असत. त्या वर्षीं साथीमुळें कचेऱ्या बंद झाल्या आणि सव्वाशें वर्षांचा हा व्यवसाय बहुतांशीं ठप्प झाला. गरज हेंच ज्याचें भांडवल, त्यानें गरजेकडे नित्य लक्ष ठेविलें पाहिजे, हा ह्यांतला धडा आहे.

दुसरें उदाहरण पापडांचें. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशीं अवघ्या चार पुड्या झाल्या. येथें उणीव दुहेरी होती. शहरांतील बिऱ्हाडांना आयते पापड हवे होते. आणि ज्या बायकांपाशीं शिक्षण नव्हतें, मुलांना सोडून बाहेर पडण्याची सोय नव्हती, त्यांना घरीं बसून करण्याजोगें काम हवें होतें. दोन गरजांची अशी गांठ पडली म्हणजे धंदा टिकतो. दान घ्यावयाचें नाहीं आणि लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची समान मालकीण, असें त्यांनीं ठरविलें. पीठ केंद्रावर मळावें, बायकांनीं तें घरीं नेऊन लाटावें, पापड परत आणून तपासून द्यावे आणि मजुरी घ्यावी, ही त्यांची रीत. ‘लिज्जत’ नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या संस्थेंत आज सुमारें ४५ हजार बायका आहेत.

तिसरें उदाहरण गिरणगांवांतील खानावळींचें. आणि पैशाच्या व्यवहाराचें मर्म त्यांतच सर्वांत अधिक उघड होतें. कोंकणांतून व घाटावरून आलेले गिरणीकामगार कुटुंब गांवीं ठेवून एकेका खोलींत अनेकजण राहत. त्यांना दोन वेळां जेवूं घालणाऱ्या बायकांनीं अक्षरशः गिरण्या चालविल्या. मात्र कामगार पगाराच्या दिवशीं पैसे देई आणि वाणी धान्याचे पैसे आधीं मागे. ह्या मधल्या दिवसांच्या फटींतूनच सावकार घरांत शिरे. दागिने, भांडींकुंडीं गहाण पडत, आणि राबणाऱ्या बाईच्या हातीं व्याज फेडून कांहींच उरत नसे. १९७५ सालीं प्रेमा पुरव ह्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. त्यांनीं बायकांचे गट बांधून त्यांना एकमेकींचे जामीन केलें आणि बँकेचें स्वस्त कर्ज मिळवून दिलें. जिन्नस तोच, कष्ट तेच; पण व्याज उतरल्याबरोबर धंदा पायावर उभा राहिला. पुढें १९८२ च्या संपानें जेवणारेच गांवीं परतले, तेव्हां त्यांना नव्यानें गिऱ्हाईक शोधावें लागलें.

आतां आजच्या एखाद्या वस्तीचा विचार करावा. पुणें, नाशिक, ठाणें ह्यांसारख्या शहरांत मुलें परदेशीं आणि वृद्ध आईबाप एकटे, अशीं घरें पुष्कळ आहेत. त्यांना कमी तिखट-मिठाचा डबा हवा असतो. दवाखान्यांत बरोबर येणारें विश्वासाचें माणूस हवें असतें. गळका नळ, बिघडलेला मिक्सर, उसवलेली शिवण दुरुस्त करणारा हवा असतो. ह्या गोष्टी लहान आहेत, पण वेळेवर मिळत नाहींत.

समजा, एका गृहिणीनें अशा वृद्धांसाठीं १२ डबे सुरू केले आणि एका डब्याचे ८० रुपये ठेविले. दिवसाचे ९६० रुपये आले. शिधा व इंधन ६०० रुपयांचें गेलें. उरलेले ३६० रुपये नफा नव्हे. त्यांत तिची पहांटेपासूनची मजुरी आहे, पोंचविणाऱ्याचे पैसे आहेत, भांड्यांची झीज आहे. घरच्या बाईची मेहनत फुकट धरून भाव ठरविणें ही सुशिक्षित घरांतली नेहमींची चूक होय. शिवाय गिऱ्हाइकानें महिनाअखेर पैसे दिले, तर २६ दिवसांचे १५,६०० रुपये तिला पदरचे घालावे लागतील. त्यानें निम्मे जरी आगाऊ दिले, तरी हा भार बराच हलका होईल. उधारीचा नियम पहिल्या दिवशींच स्पष्ट बोलावा. ओळखीच्या माणसांत संकोच वाटतो, पण पुढें तोच संकोच धंदा बुडवितो.

म्हणून कोणताही धंदा काढण्यापूर्वीं महिनाभर वहींत दोन रकाने आंखावे. एकांत शेजारीं वारंवार बोलून दाखवितात ती अडचण लिहावी, दुसऱ्यांत तिच्यासाठीं आज ते किती पैसे व किती वेळ घालवितात तें लिहावें. दुसरा रकाना कोरा राहिला, तर ती नुसती तक्रार आहे असें समजावें. तो भरला, तर पांच घरांपासून आरंभ करावा आणि सहावें घर आपण होऊन विचारण्यास आलें, म्हणजेच कर्जाचा विचार करावा.