मोटारीचे धुराडे कोणीकडे?



चूल पेटली की धूर होणारच. म्हणून शहाणी बाई चूल मांडतानाच धूर कुठून जाईल ते पाहते आणि गवंडी धुराड्याची जागा आधी धरतो. मोटारीचं इंजिन हीसुद्धा एक चूलच आहे. तिच्या धुराड्याला आपण सायलेन्सरचा पाइप म्हणतो. हा पाइप कुठून न्यावा आणि त्याचं तोंड कोणीकडे काढावं, याविषयी आज बोलू. उदाहरण मात्र मुद्दाम दूरचं, अमेरिकेतलं घेतो. तिथल्या एका जातीच्या मोटारीत हे काम फार अवघड होऊन बसतं; आणि अवघड गणित सुटलं, की सोपी आपोआप सुटतात.

१९६४ साली अमेरिकेत पाँटिअ‍ॅक कंपनीने जी.टी.ओ. नावाची गाडी विकायला आणली. गाडी मध्यम बांध्याची, पण इंजिन मोठ्या गाडीचं : आठ सिलिंडरांचं, सुमारे ६.४ लिटरचं. आपल्या ओळखीच्या मारुती ८०० गाडीचं इंजिन ०.८ लिटरचं; म्हणजे हे तिच्या आठपट झालं. अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. आपण तिला पैलवान मोटार म्हणू. या जुन्या गाड्या आज हौशी लोक जिवापाड जपतात आणि त्यांतले पुष्कळजण स्प्रिंगा आखूड करून गाडी बसकी करतात. गाडी जमिनीलगत आली, की दिसते डौलदार. पण मग धुराचा पाइप न्यायचा कुठून?

एरवी तो इंजिनापासून निघतो, गाडीच्या पोटाखालून मागे येतो, मागच्या आसावरून कमान घेतो आणि शेपटाशी बाहेर पडतो. आता गंमत पाहा. गाडी बसकी केली तरी चाकं तेवढीच राहतात, म्हणून आसाची उंची बदलत नाही. खाली येतो तो वरचा सांगाडा. आस आणि सांगाडा यांमधली जागा कमी होते. खड्ड्यात चाक आदळलं, की आस वर उसळून पाइपाला ठोकर देतो. बरं, पाइप आसाखालून न्यावा, तर तो रस्त्याला घासतो. यावर तोड म्हणजे पाइप मागच्या चाकाच्या अलीकडेच वळवून गाडीच्या कुशीतून बाहेर काढायचा. १९६५ सालच्या शेल्बी जी.टी. ३५० या गाडीचे पाइप असेच मागच्या चाकांच्या पुढे, दोन बाजूंना निघत असत.

तोड सोपी दिसते, पण तिच्यात चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट मापाची. गाडी जॅकवर उचलली, की आस खाली लोंबतो आणि जागा भरपूर दिसते. ते माप फसवं असतं. चाकांवर गाडीचा पुरा भार असताना माप घ्यावं आणि धक्क्याने आस वर येईल तेवढी जागा आणखी सोडावी.

दुसरी गोष्ट वळणाची. पाइप नुसता दाबून वाकवला, तर वळणावर तो चेपतो आणि धुराचा रस्ता अरुंद होतो. इंजिनाचा श्वास कोंडतो. म्हणून पोकळी कायम ठेवून वाकवलेली वळणं घेतात. उंचीला जागा कमी असेल तिथे लंबगोल पाइप वापरतात. त्याची पोकळी तेवढीच, पण तो आडवा पसरतो.

तिसरी गोष्ट उष्णतेची. मोटारसायकलच्या सायलेन्सरला पोटरी लागून चटका बसलेला माणूस प्रत्येक गावात सापडेल. तोच ताप पेट्रोलच्या नळीजवळ, ब्रेकच्या नळीजवळ किंवा टायरजवळ आला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून मध्ये अंतर ठेवतात, पत्र्याचा आडोसा करतात. पाइप रबराच्या टांगण्यांवर लटकवतात, कारण इंजिन हलतं तसा पाइपही हलला पाहिजे. तो घट्ट जखडला, तर सांध्याशी तडकतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : तोंड. पाइपाचं तोंड गाडीच्या कडेबाहेर आलंच पाहिजे. ते आत राहिलं, तर धूर पोटाखाली साचतो आणि तळातल्या भोकांतून किंवा खिडकीतून आत बसलेल्यांच्या नाकात जातो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, गुंगी येते. माणसाला वाटतं पित्त झालं. आणि तो झोपतो, तो उठतच नाही. १९७५ च्या सुमारास अमेरिकेतल्या नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारं यंत्र बसू लागलं. त्याआधीच्या या पैलवान गाड्यांना ते नाही, म्हणून त्यांच्या धुराला अधिकच भ्यावं लागतं.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या हौसेशी आम्हाला काय करायचंय? पण पाइप कापून-वळवून घेण्याची हौस आपल्याकडेही आहे. आपण रस्त्याच्या डावीकडून वाहन चालवतो. गाडीच्या डाव्या बाजूला पायी चालणारी माणसं असतात, शाळेची पोरं असतात. म्हणून १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीचा धूर खाली किंवा डावीकडे सोडू नये, असं घातलं. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करायलाही कायद्याची आडकाठी आहे. तेव्हा गॅरेजवाला ‘करून देतो’ म्हणाला, तरी आधी विचारपूस करावी.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्या मळ्यातल्या इंजिनालाही हेच लागू आहे. ट्रॅक्टरचं धुराडं वर आभाळाकडे असतं, हे बरंच आहे. पण पाणी खोल गेलं म्हणून कोणी पंपाचं इंजिन विहिरीत उतरवून चालवतात. विहिरीत वारा खेळत नाही. धूर तिथेच कोंडतो. अशा विहिरीत उतरलेली माणसं आणि त्यांना काढायला धावलेली माणसंही दगावली आहेत. आपल्याकडे कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला, तर उतरू नयेच. पण तो जळत राहिला म्हणून विहीर निर्धोक समजू नका. माणूस मरण्याइतका कार्बन मोनॉक्साइड असला, तरी कंदील जळत राहतो. म्हणून इंजिन वरच ठेवा. बंद खोलीतही ते चालवू नका.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा धडा वर्गात शिकवायला खर्च नाही. पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्या आणि मुलांना त्यातून फुंकर घालायला सांगा. मग तोच देठ मध्ये चेपून पुन्हा फुंकायला लावा. वळण चेपलं की इंजिनाची काय दशा होते, ते मुलांच्या गालांनाच कळेल. आणि मग त्यांना एक प्रश्न घरी न्यायला द्या : आपल्या घरातला, मळ्यातला, वाहनातला धूर कुणाच्या नाकाशी जातो? पाहून यायला सांगा. मुलं विचारू लागली, की थोरांनाही पाहावंच लागेल.