विंचवाचा दंश आणि आपण बायका

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांत उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. त्यामुळे बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर पदरात घ्यावे. आपल्या अध्यक्षाताई म्हणाल्या, "आरोग्यावर चार शब्द बोला." मी म्हटले, "मी काय बोलणार? मी डॉक्टरीण थोडीच आहे!" तेव्हा त्या म्हणाल्या, "जे अंगावरून गेले आहे तेच सांगा." म्हणून आज मी विंचवाविषयी बोलणार आहे.

विंचू म्हटले की आपल्याला एकनाथ महाराजांचे भारूड आठवते. पण नाथांचा विंचू मनातला आहे. मी सांगणार आहे तो सरपणातला, गोवऱ्यांतला, भिंतीच्या भेगेतला विंचू. आपल्या हिंगोली भागात तो कोणाला नवा नाही. तुराट्या-पऱ्हाट्यांची गंजी घराला लागून असते, जुनी घरे दगडमातीची, आणि दारात कुठेतरी विटांचा ढीग पडलेला असतोच. आणि या सगळ्या ठिकाणी पहिला हात जातो तो आपला, नाहीतर आपल्या लेकरांचा.

पुढे बोलण्याआधी एक गोष्ट सांगते. माझ्या मोठ्या जाऊबाई समोरच बसल्या आहेत. त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनेच मी हे सांगत आहे.

माझे लग्न होऊन दोनच वर्षे झाली होती. उन्हाळ्याचे दिवस होते. दिवेलागणीला जाऊबाईंचा सहा वर्षांचा मुलगा चुलीसाठी तुराट्या आणायला गेला आणि ओरडत परत आला. बोटाला विंचू डसला होता. विंचू शोधून मारला. तो लहानसा, तांबूस रंगाचा होता. घरातली मोठी माणसे म्हणाली, "एवढासा तर आहे! इंगळी असती तर गोष्ट वेगळी." लगेच विंचू उतरविणाऱ्याला बोलावणे गेले. त्याने लिंबाचा डहाळा फिरविला, राख लावली. घटकाभराने मुलाचे रडणे थांबले. सर्वांना वाटले, विंचू उतरला.

पोराचे डोके माझ्या मांडीवर होते. त्याचे केस ओले झालेले मला हाताला लागले. वारा घालत होते तरी अंगातला सदरा घामाने भिजला. कपाळ मात्र गार. दोनदा उलटी झाली. तळपाय हातात घेतले तर विहिरीच्या पाण्यासारखे थंड. माझ्या मनात आले, हे काही बरे लक्षण नाही. पण मी नवी सून. ओसरीवर सासरे, दीर, गावची चार माणसे बसलेली. तिथे जाऊन बोलायचे कसे? मी बोलले नाही. मध्यरात्री पोराला धाप लागली, तोंडातून फेस येऊ लागला. तेव्हा जीप आणली. दवाखाना गाठण्याआधीच सगळे संपले.

मी हे कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्याला जे ठाऊक होते ते त्याने मनापासून केले. मला तर काहीच ठाऊक नव्हते. परंतु मी पाहिले होते, हे मात्र खरे. आणि पाहिलेले सांगितले नाही, हेही खरे.

2022 सालच्या जानेवारीत वर्तमानपत्रात पद्मश्री मिळालेल्यांची नावे आली. त्यात एक नाव होते डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे, आणि पुढे लिहिले होते की, विंचूदंशावरील संशोधनासाठी. मी ते पान तीनदा वाचले. हे डॉक्टर आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. नागपूरला डॉक्टरी शिकले आणि कोकणात महाडजवळच्या बिरवाडी गावी सरकारी आरोग्य केंद्रात कामाला लागले. ही 1976 च्या सुमाराची गोष्ट. त्यानंतर मी मिळेल ते वाचीत गेले, आणि कळले नाही ते आपल्या भागातल्या परिचारिका ताईंना विचारीत गेले. त्यातले मला जेवढे उमगले तेवढे तुम्हांला सांगते.

कोकणात त्या काळी लाल विंचवाने पुष्कळ माणसे दगावत. मुले तर फारच. अत्यवस्थ होऊन येणाऱ्या शंभर रोग्यांतले पंचवीस-तीस तरी वाचत नसत. यावर खात्रीचे औषध पुस्तकात नव्हते. मग या तरुण डॉक्टरांनी काय केले? ते रोग्याच्या उशाशी बसून राहिले. रात्र-रात्र बसले. घाम केव्हा सुटला, उलटी केव्हा झाली, हातपाय केव्हा गार पडले, नाडी कशी चालली, धाप केव्हा लागली, हे सारे पाहून त्यांनी लिहून ठेवले. एकाचे, दुसऱ्याचे, दहाव्याचे. असे लिहिता लिहिता त्यांच्या ध्यानात आले की, माणूस ठणक्याने मरत नाही. विषामुळे हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी भरते, त्याने मरतो. आणि त्याच्या आधी घाम, उलटी, गार हातपाय ही लक्षणे सूचना देतात. हे त्यांनी 1982 साली विलायतेच्या 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आणले.

हे वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या रात्री माझ्या मांडीवर मी जे पाहिले होते, तेच शब्द होते ते.

आता विष करते काय, हे मला जसे समजले तसे सांगते. आपण एकदम भ्यालो की छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात. हे शरीरात सुटणाऱ्या एका रसामुळे होते. विंचवाचे विष तो रस एकदम भरमसाट सोडायला लावते. त्यामुळे रक्ताच्या बारीक नळ्या आवळल्या जातात. शेतातली मोटार चालू आहे आणि पुढचा पाइप कोणी पिळून धरला, तर मोटारीचे काय होईल? तसे हृदयाचे होते. ते जोर लावून लावून थकते आणि मागे फुफ्फुसात पाणी साचते.

हे उमगल्यावर डॉक्टरांनी विचार केला की, आवळलेल्या नळ्या सैल केल्या पाहिजेत. आधी शिरेतून देण्याचे एक औषध वापरले, पण ते खेड्यापाड्यात सांभाळून देणे अवघड. मग प्राझोसिन नावाची गोळी त्यांनी वापरून पाहिली. ही गोळी काही विंचवासाठी निघालेली नव्हती. रक्तदाब जास्त असणाऱ्यांना देत असत ती ही साधी, स्वस्त गोळी. तिचा गुण आला. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या कामात बरोबरीने होत्या. दोघांच्या नावाने 1986 साली हे संशोधन पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ही गोळी आल्यानंतर मरणाचे प्रमाण शंभरात एकावर आले. जिथे पंचवीस-तीस घरांत आकांत व्हायचा तिथे एका घरात. उरलेल्या घरांतली लेकरे दुसऱ्या दिवशी उठून जेवायला बसली, असा या हिशेबाचा अर्थ आहे.

पुढे विंचवाच्या विषावरचे इंजेक्शनही आले. ते गोळीच्या जोडीने द्यावे की नुसती गोळी पुरे, हा प्रश्न होता. तोही त्यांनी पारखून पाहिला. महाडला 70 रोगी घेतले. 35 जणांना गोळी आणि इंजेक्शन दोन्ही दिले, 35 जणांना फक्त गोळी. दहा तासांत पहिल्यांतले 32 जण पूर्ण बरे झाले, दुसऱ्यांतले 8. हे 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. मला यातले विशेष हे वाटते की, गुण येतो असे नुसते म्हणून ते थांबले नाहीत. मोजून पाहिले.

येथे कोणी मैत्रीण म्हणेल, "आमच्याकडे तर मंत्राने उतरतो हो, मी डोळ्यांनी पाहिले आहे." मीही पाहिले आहे. त्याचे कारण असे की, बहुतेक वेळा विंचू डसला तरी विष अंगात फारसे पसरत नाही. नुसता ठणका लागतो आणि तो काही तासांनी आपोआप ओसरतो. त्याचे श्रेय डहाळ्याला जाते. पण ज्या एखाद्याच्या अंगात विष पसरले, त्याचे त्या डहाळ्यापायी दोन-चार तास जातात. आणि कोणाच्या अंगात पसरले आहे हे पहिल्या क्षणी कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून मी ज्या गोष्टी पाठ करून ठेवल्या आहेत त्या सांगते.

पहिली गोष्ट, विंचवाच्या आकारावर जाऊ नका. मोठी काळी इंगळी पाहून आपण घाबरतो, पण प्राणावर बेततो तो बहुधा लहानसा तांबडा विंचू.

दुसरी, ठणका थांबला म्हणजे विंचू उतरला असे समजू नका. ठणका कमी आणि घाम जास्त, हे तर अधिक वाईट. घाम, उलटी, तोंडाला सुटलेली लाळ, गार पडलेले हातपाय आणि छातीची धडधड यांतले एक जरी दिसले तरी एक क्षण दवडू नका. आणि लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका, तसेच उचला.

तिसरी, दंशावर चिरा देऊ नये, तोंडाने ओढू नये, दोरीने करकचून बांधू नये. गोळी ठाऊक झाली म्हणून ती डब्यात आणून ठेवायचीही नाही. तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. ती डॉक्टरांनीच, रोग्याला निजवून, नजरेखाली ठेवून द्यायची असते.

चौथी, घड्याळ पाहा. किती वाजता डसला, किती वाजता घाम सुटला, उलट्या किती झाल्या, हे कागदावर लिहा. कागद नसला तर हातावर लिहा. दवाखान्यात गेल्याबरोबर ते सांगा. गाडी नसेल तर 108 क्रमांकावर फोन करा.

आणि डसूच नये म्हणून? गंजी घराला लावून रचू नका. सरपण उचलण्याआधी काठीने हलवा. चप्पल-बूट झटकून पायात घाला. अंथरूण झटका, खाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. भिंतीच्या भेगा लिंपून घ्या. अंधारात पोरांना सरपणाला पाठवू नका. ही कामे आपल्याच हातातली आहेत, त्यांना पैसा लागत नाही.

आता शेवटची हकीगत सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या शेतात हळद शिजवून वाळत घालण्याचे काम चालले होते. मजुरीला आलेल्या एका बाईने पाल्याचा ढीग उचलला आणि तिला विंचू डसला. ती म्हणाली, "वहिनी, काही नाही, जाईल." पाव तासाने पाहते तो तिच्या कपाळावर घामाचे थेंब आणि हात गार. माझ्या पोटात गोळा उठला. तिच्या घरचे म्हणाले, "आधी उतरवून घेऊ." तेव्हा पदर खोचून मी सर्वांसमोर म्हणाले, "उतरवायचे तर दवाखान्यात उतरवू. मी येते बरोबर." मुलाच्या मोटारसायकलवर तिला मध्ये बसवून मी मागे धरून बसले. दवाखान्यात वेळ सांगितली, घाम सांगितला. त्यांनी लगेच गोळी दिली आणि रात्रभर नजरेखाली ठेवले. तिसऱ्या दिवशी ती आपल्या पायांनी घरी आली. परवा संक्रांतीला ती माझ्याकडे वाणाला आली होती. जाऊबाईंनीच तिला कुंकू लावले. दोघीही काही बोलल्या नाहीत, आणि मीही नाही.

मैत्रिणींनो, आपण स्वतःला अडाणी समजतो. पण बावस्कर डॉक्टरांनी सुरुवात कशाने केली? रोग्याच्या उशाशी बसून, नीट पाहून, लिहून ठेवून. उशाशी बसणे हे तर आपले रोजचेच काम. पोराचा घाम, त्याची धाप, त्याचे गार पाय हे घरात सर्वांच्या आधी आपल्या हाताला कळते. फक्त ते मोठ्याने सांगण्याची सवय आपल्याला नाही. ती लावून घेऊ या. आणि घरात नवी सून असेल, तर तिला बोलण्याची मुभा आपण सासवा-जावांनी देऊ या.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्यापैकी चौघींनी जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन ही गोळी आणि इंजेक्शन तेथे आहे की नाही याची उन्हाळ्याआधी चौकशी करावी. आणि मी सांगितलेली लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहून देवळाच्या भिंतीवर आणि पिठाच्या गिरणीत लावावीत. गिरणीत सगळ्याच बायका येतात.