गुणवत्तेला रंग नसतो



आज आम्ही आपल्यापुढे एका महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाची हकिकत मांडणार आहोत. ती खेळाची असली तरी संधी आणि गुणवत्ता यांच्या नात्याचीही आहे.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या सीमेवर, एल पासो शहर आहे. तेथील टेक्सास वेस्टर्न कॉलेजच्या संघाने १९६५-६६ च्या हंगामात २९ पैकी २८ सामने जिंकले. एकच सामना दोन गुणांनी गेला.

१९ मार्च १९६६ रोजी मेरीलँड राज्यात राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर केंटकी विद्यापीठाचा नामवंत संघ, सर्वच्या सर्व गोरा. टेक्सास वेस्टर्नचे प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स स्वतः गोरे होते. पण त्यांनी सुरुवातीला पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. अंतिम सामन्यात असे पूर्वी कधी घडले नव्हते.

त्या काळी दक्षिणेतील अनेक विद्यापीठांच्या संघांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. इतरत्रही एका वेळी किती जणांना खेळवायचे, याची अलिखित मर्यादा असे. ही मुले उंच उडी मारतील, पण डोके शांत ठेवून शिस्तीने खेळणार नाहीत, असा समज रूढ होता.

मित्रहो, आता आकडे पाहा. चालू खेळात केंटकीने २७ बास्केट केले, टेक्सास वेस्टर्नने २२. मग विजय कशाच्या बळावर? त्यांच्या चढाया रोखताना केंटकीकडून वारंवार नियमभंग झाला आणि फ्री थ्रो मिळत गेले. तेथे खेळाडू एकटा उभा असतो. कामी येतो तो केवळ सराव आणि मनाचा तोल. ३४ पैकी २८ फ्री थ्रो यशस्वी झाले. बॉबी जो हिल याने २० गुण मिळवले. सामना ७२-६५ असा जिंकला. ज्या शिस्तीबद्दल शंका होती, तिनेच जिंकून दिले!

हॅस्किन्स पुढे सांगत, आपण उपकार केला नाही, फक्त सर्वोत्तम खेळाडू निवडले. १९६७ मध्ये पेरी वॉलेस हा दक्षिणेतील प्रमुख विद्यापीठांच्या साखळीत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू ठरला. २००७ मध्ये टेक्सास वेस्टर्नच्या या संघाला बास्केटबॉलच्या सन्मान दालनात स्थान मिळाले.

विद्यार्थ्यांनो, दार उघडणे हे समाजाचे कर्तव्य आहे. ते उघडेल त्या दिवशी आपली तयारी पूर्ण असावी, हे आपले.