जखमी जवानाला आणणारे हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टरने युद्धातील जखमींना सोडवल्याची पहिली ठळक नोंद एप्रिल १९४४ ची आहे. आसामच्या काचार भागातील लालाघाट तळावरून अमेरिकन लेफ्टनंट कार्टर हरमन यांनी सिकोर्स्की कंपनीचे एक छोटे हेलिकॉप्टर ब्रह्मदेशात नेले. तीन जखमी ब्रिटिश सैनिकांना घेऊन येणारे एक हलके विमान जपानी फौजांच्या मुलखात कोसळले होते. तिथे दुसरे विमान उतरवायला जागा नव्हती. उकाड्यात हेलिकॉप्टरचे इंजिन इतके थकत असे, की वैमानिकाखेरीज एकच माणूस उचलता येई. म्हणून हरमन यांनी दोन दिवसांत चार खेपा केल्या आणि विमानाच्या वैमानिकासह चौघांनाही बाहेर काढले.

त्या काळी जखमींना हवेतून हलवण्याचे मुख्य साधन विमानच होते. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात पूंछला वेढा पडला, तेव्हा एअर कमोडोर मेहर सिंग यांनी घाईने तयार केलेल्या धावपट्टीवर डाकोटा विमान उतरवले. रसद आणि दारूगोळा घेऊन जाणारी ही विमाने परतताना जखमींना आणि निर्वासितांना आणत. डाकोटा भरवशाचे, पण त्याला धावपट्टी हवी, आणि गोळी लागते तिथे धावपट्टी क्वचितच असते. तिथून तळापर्यंत जखमीला सोबत्यांनी स्ट्रेचरवर वाहून आणायचे, असाच रिवाज होता. डोंगरातल्या चौकीवरून खाली यायला तेव्हा दिवस लागत. हेलिकॉप्टरने मुख्यतः या पायी वाटेची जागा घेतली. लांब पल्ल्याचे काम विमानाकडेच राहिले, आजही आहे.

कोरियाच्या युद्धात बेल कंपनीच्या हेलिकॉप्टरांना बाहेरून, दोन्ही अंगांना स्ट्रेचर बांधले जात आणि जखमी सरळ शस्त्रक्रियेच्या तंबूपाशी उतरत. भारतीय हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर १९५४ मध्ये आले. पुढे बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने फ्रेंच परवान्यावर चेतक आणि नंतर चीता ही हेलिकॉप्टरे बनवली. दोन्ही एका इंजिनाची. चीता म्हणजे फ्रान्सचे लामा. याच जातीच्या हेलिकॉप्टरने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला होता.

चीताचे खरे मोल सियाचीनने दाखवले. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीन ताब्यात घेण्यासाठीच्या ऑपरेशन मेघदूतमध्ये कॅप्टन संजय कुलकर्णी यांची तुकडी चीतामधूनच बिलाफोंड ला खिंडीत उतरली. काही तासांतच त्यांच्या रेडिओ ऑपरेटरला उंचीचा विकार जडला. या विकारात फुप्फुसात पाणी साचते. औषधे आणि प्राणवायू यांनी वेळ मिळतो. रोग्याला लवकरात लवकर खाली आणणे हाच खरा इलाज. त्यामुळे सियाचीनमध्ये हेलिकॉप्टर न येणे हे गोळी लागण्याइतकेच घातक ठरू शकते.

वरच्या चौक्यांवर चीता जेमतेम टेकतो. इंजिन बंद करत नाहीत, कारण विरळ हवेत ते पुन्हा सुरू होईलच असे नाही. पाती फिरतच असतात, आजारी जवानाला दोघे-तिघे वाकून आत चढवतात, आणि मिनिटभराच्या आत हेलिकॉप्टर उतरणीकडे झेपावते. वजन किलोकिलोने मोजले जाते. इंधनही जेवढ्यास तेवढेच.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनमधील सुमारे १९,६०० फुटांवरील सोनम चौकी हिमकड्याखाली गाडली गेली. मृतांमध्ये सातारा जिल्ह्यातला एक नर्सिंग असिस्टंटही होता. सहा दिवसांनी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले. त्यांना चौकीवरून हेलिकॉप्टरने खाली आणले आणि तिथून पुढे हवाई दलाच्या विमानाने दिल्लीला नेले. ते वाचले नाहीत, पण हेलिकॉप्टर आणि विमान यांची कामाची वाटणी या प्रवासात स्पष्ट दिसते.

चेतक-चीतांची जागा घ्यायला ध्रुव हे हेलिकॉप्टर आले. पहिले उड्डाण १९९२ चे, सेवेत दाखल २००२ मध्ये. दोन इंजिने आणि मागच्या बाजूला उघडणारी दारे हा त्याचा मोठा फायदा. स्ट्रेचर आडवातिडवा न करता सरळ आत सरकतो आणि परिचारकाला रोग्याजवळ बसता येते. जून २०२१ मध्ये गोव्याच्या आयएनएस हंसा तळावरील नौदलाच्या ध्रुवमध्ये अतिदक्षता कक्ष बसवण्यात आला. त्यात डिफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर, मॉनिटर आणि चार तासांची बॅटरी आहे, आणि ही सारी सामग्री दोन-तीन तासांत बसते. पूर्वीच्या हेलिकॉप्टरांत रोगी फक्त नेला जाई, इथे वाटेतच उपचार सुरू राहतात.

नक्षलग्रस्त भागातही हीच यंत्रणा लागते. हवाई दलाने २००९ मध्ये ऑपरेशन त्रिवेणी सुरू करून त्यासाठी एमआय-१७ हेलिकॉप्टरे दिली. सीमा सुरक्षा दलाच्या हवाई शाखेकडेही ध्रुव आहेत. गडचिरोलीत जुलै २०२४ च्या चकमकीतील जखमी पोलिसांना हेलिकॉप्टरनेच नागपूरला हलवले गेले. जंगलातून रस्त्याने नेताना भूसुरुंगाची भीती असते, ती यात टळते.

तरीही बदल पुरा झालेला नाही. ध्रुवचे कमाल वजन साडेपाच टन, चीताचे दोन टनांच्या आत. अगदी वरच्या, चिमुकल्या हेलिपॅडवर हा फरक जाणवतो. तिथे खरा वारसदार हवा तो हलका. त्यासाठीचे एलयूएच हे हलके हेलिकॉप्टर २०१६ मध्ये पहिल्यांदा उडाले, पण पुरेशा संख्येने अजून आलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये तटरक्षक दलाचे ध्रुव पोरबंदरला कोसळल्यावर देशभरातील ध्रुव काही महिने जमिनीवर होते, तेव्हा जुन्या हेलिकॉप्टरांवरच भार आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने चेतक-चीतांच्या जागी २०० हलकी हेलिकॉप्टरे घेण्यासाठी कंपन्यांकडून माहिती मागवली. त्यातली १२० भूदलाला आणि ८० हवाई दलाला मिळायची आहेत. एका इंजिनाच्या, पन्नास वर्षांहून जुन्या आराखड्यावर जखमींची सोय इतकी वर्षे सोपवून ठेवणे, हा या साऱ्या कारभारातला सर्वांत महागडा उशीर आहे.