वळवाचा पाऊस आणि घरातला संगणक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकू आणि फराळ यांच्यामध्ये विजेच्या तारांवरचे भाषण ठेवलेले पाहून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. विषय चिटणीसबाईंनी सुचवला आणि मी तो आनंदाने पत्करला. संगणक आता घरातली शोभेची वस्तू राहिलेला नाही. आपल्यापैकी कुणी त्यावर डब्यांचा हिशेब ठेवते, कुणी शिकवण्या घेते, कुणाची सून घरात बसूनच कचेरीचे काम करते. तो जळला की वर्षाचा हिशेब गेला, गिऱ्हाइकांचे पत्ते गेले, नातवंडांचे फोटोही गेले.

दुसरे असे की, वळवाचा पाऊस बहुधा दुपार कलल्यावर येतो. एप्रिल-मेचे ऊन तापून ढग चढतात आणि चार-पाचच्या सुमारास गडगडाट सुरू होतो. परतीच्या पावसाचीही रीत पुष्कळदा तीच. त्या वेळी घरात असतो कोण? आपण, नाही तर शाळेतून आलेली मुले. तरीही ‘विजेच्या कामातले आम्हांला काय कळते?’ असे म्हणून आपण वायरमनची वाट पाहतो. हे मला मुळीच पटत नाही. भाजणीचा वास बदललेला स्वयंपाकघराबाहेरून ओळखणाऱ्या बाईला एक प्लग ओळखता येऊ नये?

आपल्या भाषेत आकाशातल्या विजेला आणि तारेतल्या विजेला शब्द एकच आहे, पण दोघींच्या बळात फार अंतर. घरात येते ती २३० व्होल्टची. आकाशातून कोसळणारीचा प्रवाह क्षणभरच वाहतो, पण तो ३०,००० अँपिअरच्या घरात असू शकतो. ती आपल्या छपरावर पडायला हवी असेही नाही. दूर, गावाबाहेरच्या तारांवर किंवा त्यांच्याजवळ पडली तरी तारेत लाट उसळते आणि तार जाईल तिथे पोहोचते. संगणकाच्या पोटातले नाजूक भाग जेमतेम काही व्होल्टांवर चालतात. त्यांचा तिच्यापुढे काय टिकाव लागणार?

‘मी बटण बंद केले होते हो,’ असे पुष्कळजणी सांगतात. बटण बंद केल्यावर आत जी फट पडते ती काही मिलिमीटरांची असते. ढगापासून जमिनीपर्यंतची हवा फोडून आलेल्या विजेला तेवढी फट ओलांडणे कठीण नाही. शिवाय बटण एकच तार तोडते, दुसरी जोडलेलीच राहते. तेव्हा प्लग भिंतीतून उपसून काढणे हाच खरा उपाय, आणि त्याला पैसाही पडत नाही.

मात्र एकच प्लग काढून भागत नाही. आमच्या आळीतल्या एका भगिनींनी ढग भरून येताच संगणकाचा प्लग काढला, पण इंटरनेटची तांब्याची तार गच्चीवरून आली होती ती तशीच राहिली. लाट त्या वाटेने आली. राउटरही गेला आणि संगणकही. आता बऱ्याच घरांत काचेच्या तंतूची तार आली आहे. काचेतून वीज वाहत नाही हे खरे, पण त्या तारेला आधारासाठी कधीकधी लोखंडी तार जोडलेली असते, आणि तिच्या पेटीचा प्लगही भिंतीतच असतो. म्हणून त्या पेटीचा प्लग काढावा आणि पेटीपासून संगणकाकडे जाणारी तारही सोडवावी.

बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांविषयी फार गैरसमज आहे. चार भोके आणि एक लाल दिवा असला की ती संरक्षण करते असे नव्हे. ‘सर्ज प्रोटेक्टर’ असे स्पष्ट लिहिलेल्या पट्टीत झिंक ऑक्साइडची, म्हणजे जस्ताच्या भस्माची, चकती असते. दाब एकाएकी वाढला की ती जास्तीच्या विजेला आडवाट काढून देते. ही चकती प्रत्येक धक्क्यानिशी झिजते, म्हणून दहा वर्षांच्या जुन्या पट्टीवर विसंबू नये. शिवाय आडवाटेला शेवट हवा, आणि तो म्हणजे जमिनीत पुरलेले अर्थिंग. ते नसेल किंवा कोरडे पडले असेल तर पट्टी निम्मी निकामी. प्लगची जाड पिन त्याचसाठी असते. भोकात बसत नाही म्हणून ती मोडून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत! उन्हाळ्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. वीज थेट घरावर कोसळली तर मात्र कोणतीच पट्टी पुरी पडणार नाही.

आकाश निरभ्र असतानाही एक संकट येते. रस्त्यावरच्या खांबावर न्यूट्रलची तार तुटली वा ढिली झाली, तर घरात २३०च्या जागी ४००च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. दिवे एकाएकी लख्ख होतात, पंखा भन्नाट फिरू लागतो. असे दिसताच मेन स्विच बंद करावा, विचारत बसू नये. हा दाब क्षणात ओसरत नाही, त्यामुळे पट्टीतली चकतीच जळून जाते. दाब वाढताच वीज तोडणारे उपकरण मुख्य बोर्डात बसवून मिळते. दरवर्षी ज्यांचा टीव्ही नाही तर फ्रिज दुरुस्तीला जातो त्यांनी ते जरूर बसवावे.

आता जिवाचे. प्लग काढायचे ते ढग येताना, वीज डोक्यावर आल्यावर नव्हे. चमक दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. तीस मोजण्याच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा प्लगला, तारेला, नळाला हात लावू नये. जळला तर संगणक जळू द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप मोबाइलवर घेतले तर जवळपास वीज पडत असल्याची सूचना मिळते.

म्हणूनच हिशेबाची आणि फोटोंची नक्कल आठवड्यातून एकदा वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क संगणकाला न लटकवता कपाटात ठेवावी. आपल्या मंडळाच्या सभासद-यादीची एक नक्कल खजिनदारबाईंच्या घरी असतेच, तसेच हे.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. दिवे गेले असतील तर आल्यावर पाच मिनिटे दिव्याकडे पाहावे. तो स्थिर असला तर प्लग लावावा. खरी पट्टी आणि नुसती चार भोकांची पट्टी, अशा दोन्ही मी उघडून टेबलावर ठेवल्या आहेत. फराळाला जाण्यापूर्वी सगळ्यांनी येऊन पाहाव्यात. वीज जोडलेली नाही, बेलाशक हात लावा.