कानात सांगायचं उत्तर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'शाळेने मला काय दिलं' यावर बोला, असं मला संयोजकांनी सांगितलंय. मी कोड्यांवर बोलणार आहे. आणि शेवटी एक माफी मागायची आहे.

आपलं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. तोवर एबीसीडी म्हणजे दुकानांच्या पाट्यांवरची नक्षी. धडा वाचायला उभं केलं की छातीत धडधडायचं. ती भीती सरांनी घालवली, शनिवारच्या सकाळच्या शाळेत. शेवटच्या तासाला फळ्याच्या कोपऱ्यात एक कोडं असायचं. 'क्यू' म्हणजे रांग, स्पेलिंगमध्ये अक्षरं पाच. शेवटची चार पुसली तरी उच्चार तोच! सरांनी डस्टरने एकेक अक्षर पुसून दाखवलं, तेव्हा आपण बाकं वाजवली होती.

दुसरं आठवतंय? कॅटचा डॉग करा. एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि मधला प्रत्येक शब्द खरा हवा. कॅट, कॉट, कॉग, डॉग. 'कॉग' म्हणजे चाकाचा दाता, हे बघायला मी जन्मात पहिल्यांदा डिक्शनरी उघडली. हा खेळ 'ॲलिस'च्या लेखकाने, लुईस कॅरोलने, १८७७च्या नाताळात काही उद्योग नसलेल्या दोन मुलींसाठी काढला होता, हे खूप पुढे कळलं. आपल्याला तो सरांचाच वाटायचा.

सरांचा नियम एकच. उत्तर आलं तर ओरडायचं नाही, पुढे येऊन कानात सांगायचं. "तुझं सुटलं म्हणून दुसऱ्याची मजा का घालवतोस?"

माझ्या बाकावरच्या मित्राकडे आजीची कोडी होती. 'मॅडम' उलटं वाचलं तरी मॅडमच, असं सरांनी सांगितलं, तर हा उठून म्हणाला, "सर, 'रामाला भाला मारा' पण!" सरांनी ते फळ्यावर लिहायला लावलं. त्या दिवशी तो वर्गात सगळ्यांत उंच दिसत होता.

आता माझी गोष्ट. आपला व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि मी रोज कोडी टाकू लागलो. एकदा विचारलं, इंग्रजीतला सगळ्यांत लांब शब्द कोणता? त्याने लिहिलं, 'रबर'. मी तीन हसरे चेहरे टाकले आणि वर लिहिलं, "दहावीला इंग्रजीत किती होते रे तुला?" सगळे हसले. मी ऐटीत उत्तर दिलं, 'स्माइल्स'. पहिल्या आणि शेवटच्या एसमध्ये एक मैल आहे ना!

त्या रात्री तो ग्रुपमधून बाहेर पडला. मला ते आठ दिवसांनी कळलं.

दिवाळीत त्याच्या गावी गेलो. वहिनींनी चहा दिला. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "रबर ओढलं की लांबतं. तुझ्या मैलाला तरी शेवट आहे."

म्हणजे त्याचं उत्तर बरोबर होतं. माझ्याकडे दुसरं होतं, इतकंच.

मग त्याने मला घातलं, वाघ, शेळी आणि गवताची पेंढी. होडीत एका वेळी एकच न्यायचं. वाघ-शेळी एकटे सोडायचे नाहीत, शेळी-गवतही नाही. हजार वर्षांहून जुनं कोडं, युरोपात लांडगा, बकरी आणि कोबी घेऊन सांगतात. मी तिथेच अडकलो. त्याने उत्तर सांगितलं नाही. एसटीत विचार केला, घरी पोचल्यावर सुटलं. आधी शेळी पोचवायची, मग वाघ न्यायचा, पण येताना शेळी परत आणायची. रात्रीच फोन लावला आणि हळूच म्हणालो, "शेळी परत आणायची."

तो म्हणाला, "बरोबर. आता मलाही ग्रुपमध्ये परत आण."

तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. मित्रा, हसलो सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो. चुकलं माझं.

आता शेवटचं कोडं, सरांच्या आठवणीसाठी. 'लिसन', म्हणजे ऐकणे. एल, आय, एस, टी, ई, एन. हीच सहा अक्षरं हलवा आणि असा शब्द करा, ज्याच्याशिवाय नीट ऐकूच येत नाही.

आलं उत्तर? ओरडू नका. चहाच्या वेळी येऊन कानात सांगा.