बटण बंद केल्यावर



व्हॉल्व्हवर चालणारी जुनी हौशी रेडिओ-यंत्रे दुरुस्त करणे, हा आजचा विषय. कामगार संघटनेच्या माणसाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. घडविणाऱ्याने यंत्र पुढे उघडणाऱ्याच्या जिवाचा विचार केला होता काय, हा प्रश्न आम्ही कारखान्यात विचारतो; येथेही तोच विचारणार आहोत.

हौशी रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, पैशाची अपेक्षा न ठेवता स्वतःच्या यंत्रावरून दूरच्या माणसाशी बोलणे. अमेरिकेत १९३६ साली '८०७' नावाचा व्हॉल्व्ह निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो लष्कराच्या उरलेल्या मालातून स्वस्तात मिळू लागला आणि असंख्य हौशी मंडळींनी त्याच्यावर आपले प्रक्षेपक उभारले. त्याच्या डोक्यावर धातूची टोपी असते. तिच्यावर शेकडो व्होल्टचा दाब खेळतो.

असे यंत्र माळ्यावरून खाली आले की बटण दाबून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला ॲल्युमिनियमवरचा पातळ थर बिघडतो. एकदम पूर्ण दाब आला की कंडेन्सर तापतो, फुटतो, प्रसंगी ट्रान्स्फॉर्मरही जाळतो. मेणकागदाचे कंडेन्सर गळू लागले की नको तो दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जातो आणि चांगला व्हॉल्व्ह फुकट जातो. म्हणून हे कंडेन्सर आधी बदलावेत आणि पहिल्यांदा वीज देताना वाटेत एक साधा दिवा जोडावा. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लखलखतच राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे.

आता मुख्य गोष्ट. बटण बंद केले तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ती हळूहळू काढून टाकण्यासाठी तेथे एक रेझिस्टन्स बसविलेला असतो. त्याने आवाज वाढत नाही, पल्ला वाढत नाही. उलट थोडी वीज सदैव खर्च होते. तरीही जाणत्या कारागिराने तो बसविला, कारण उद्या आत हात घालणारा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे होता. काटकसर म्हणून जो तो गाळतो, तो दुसऱ्याच्या जिवावर बचत करतो.

पण हा रेझिस्टन्सही कालांतराने जळतो आणि बाहेरून ते कळतेच असे नाही. तेव्हा प्लग काढावा, मीटर लावून दाब शून्यावर आल्याची खात्री करावी, एक हात पाठीमागे ठेवावा, आणि मगच आत हात घालावा.

काम झाल्यावर काय बदलले, केव्हा बदलले, हे कागदावर लिहून तो पेटीच्या आत चिकटवावा. आधीच्या अनोळखी कारागिराने आपली काळजी वाहिली. पुढच्या अनोळखी कारागिराचे आपण तेवढे देणे लागतो. आम्ही ज्याला संघटना म्हणतो, ती याहून वेगळी नाही.